तिसऱ्या क्रमांकाचा हिशेब द्या

प्रति,
श्री. अजित आगरकर,
अध्यक्ष, राष्ट्रीय निवड समिती,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ

आगरकरसाहेब,

गुवाहाटीत भारत ४०८ धावांनी हरला. धावांच्या फरकाने पाहिले तर आपल्या कसोटी इतिहासातला हा सर्वांत मोठा पराभव. त्याआधी कोलकात्यात १२४ धावा करायच्या होत्या, तिथे आपला डाव ९३ वर आटोपला. दक्षिण आफ्रिकेने २००० नंतर पहिल्यांदा भारतात कसोटी मालिका जिंकली. वर्षभरापूर्वी न्यूझीलंड आपल्याला घरच्या मैदानांवर ३-० ने हरवून गेला होता. सलग १८ मालिका जिंकणारा, बारा वर्षे घरी मालिका न गमावलेला संघ तेरा महिन्यांत दोनदा सपशेल हरला. हे सगळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. माझा प्रश्न एकच आहे. भारताच्या कसोटी संघात तिसऱ्या क्रमांकावर कोण खेळणार?

हा प्रश्न मैदानावर, लोकलमध्ये, कट्ट्यावर, वर्तमानपत्रांत, सगळीकडे प्रत्येक पराभवानंतर विचारला गेला. त्याचे सरळ उत्तर तुमच्याकडून अजून मिळालेले नाही. म्हणून आकडेच मांडतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईत बांगलादेशविरुद्ध शुभमन गिलने तिसऱ्या क्रमांकावर नाबाद ११९ धावा केल्या. या जागेवरचे ते आपले शेवटचे शतक. बांगलादेशची ती मालिका संपल्यापासून गुवाहाटीपर्यंत भारत १७ कसोटी खेळला. न्यूझीलंडशी तीन, ऑस्ट्रेलियात पाच, इंग्लंडमध्ये पाच, वेस्ट इंडीजशी दोन, दक्षिण आफ्रिकेशी दोन. या १७ कसोटींत तिसऱ्या क्रमांकावर सात जण आले. विराट कोहली, शुभमन गिल, देवदत्त पडिक्कल, के. एल. राहुल, साई सुदर्शन, करुण नायर आणि वॉशिंग्टन सुंदर. सातही जणांचे मिळून ३२ डाव, ८२९ धावा. सरासरी २६ च्या आत. शतक एकही नाही. चार डावांत पन्नाशी ओलांडली आणि पाच डावांत भोपळा.

यातले दोन बदल दुखापतींमुळे झाले, हे मान्य. बंगळुरूत गिलची मान आखडली म्हणून कोहली वर आला, पर्थमध्ये गिलचा अंगठा दुखावला म्हणून पडिक्कल खेळला. त्याला कोणाचा इलाज नव्हता. बाकीचे बदल मात्र माणसांनी बसून, विचार करून, ठरवून केले आहेत. त्यांचा जाब विचारायचा नाही तर कशाचा विचारायचा?

समोरच्यांनी काय केले तेही पाहा. न्यूझीलंडचा केन विल्यमसन जायबंदी होता. त्यांनी विल यंगला तिसऱ्या क्रमांकावर घातले आणि तिन्ही कसोटींत तिथेच ठेवले. त्याने २४४ धावा केल्या आणि मालिकावीर ठरला. ऑस्ट्रेलियाने पाचही कसोटींत लाबुशेनवर भरवसा ठेवला. इंग्लंडने पाचही कसोटींत ऑली पोपवर. त्याच तीन मालिकांत आपण अनुक्रमे दोन, तीन आणि दोन माणसे वापरली. दक्षिण आफ्रिकेनेही कोलकात्यात मुल्डर आणि गुवाहाटीत स्टब्स असा बदल केला, हे खरे. पण त्यांनी अष्टपैलूला खाली नेऊन फलंदाजाला वर आणले. त्या फलंदाजाने ४९ आणि ९४ धावा केल्या. त्याच खेळपट्टीवर आपला तिसरा क्रमांक १५ आणि १४ वर बाद झाला. बदल करू नका असे कोणीच म्हणत नाही. बदलामागचा विचार दिसला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

आता हा विचार कसा दिसला, ते तीन खेळाडूंच्या बाबतीत सांगतो.

पहिला साई सुदर्शन. लीड्सला पदार्पण, ० आणि ३०. एका कसोटीनंतर बाहेर. मँचेस्टरला परत, ६१ आणि ०. ओव्हलला ३८ आणि ११. अहमदाबादला ७. मग दिल्लीत ८७ आणि ३९. मुलगा आता कुठे स्थिरावतोय असे वाटले. दिल्लीनंतरची कसोटी कोलकात्याची. त्या कसोटीत तो संघाबाहेर. एका सामन्यात १२६ धावा करणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला पुढच्याच सामन्यात बसवले, आणि ती कसोटी हरल्यावर त्याला पुन्हा त्याच जागी उभे केले. गुवाहाटीत दुसऱ्या डावात तो १३९ चेंडू खेळून १४ धावांवर बाद झाला. ती खेळी पाहताना स्पष्ट कळत होते की हा फलंदाज बाद न होण्यासाठी खेळतोय, कारण एक चूक झाली की पुन्हा बाकावर जायचे हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

दुसरा करुण नायर. चेन्नईत २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत बाहेर. पुढे आठ वर्षे तो कसोटी संघाच्या दाराबाहेर उभा राहिला. विदर्भाकडून २०२४-२५ च्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या, नागपूरच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ केल्या, करंडक जिंकून दिला, तेव्हा तुम्ही त्याला इंग्लंडला नेले. तो निर्णय योग्य होता आणि त्याचे श्रेय तुम्हालाच. पण तिथे काय झाले? लीड्सला सहाव्या क्रमांकावर, एजबॅस्टन आणि लॉर्ड्सला तिसऱ्यावर, मँचेस्टरला बाहेर, ओव्हलला पाचव्यावर. चार कसोटींत तीन जागा. ओव्हलच्या हिरव्या खेळपट्टीवर पहिल्या डावात आपण २२४ केल्या, त्यात एकमेव अर्धशतक करुणचे, ५७ धावा. ती कसोटी आपण ६ धावांनी जिंकली. त्यानंतरच्या मालिकेत त्याचे नाव नव्हते. त्याच्याकडून जास्त अपेक्षा होत्या, असे तुम्ही सांगितलेत. अपेक्षा जरूर असाव्यात. पण ज्याला आपण उद्या कुठल्या क्रमांकावर खेळणार हेच ठाऊक नाही, त्याने त्या कशा पूर्ण करायच्या?

तिसरा वॉशिंग्टन सुंदर. कोलकात्यात त्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. त्याने २९ आणि ३१ धावा केल्या. दुसऱ्या डावातल्या ९३ मधल्या ३१ त्याच्या, म्हणजे संघात सर्वाधिक. त्या खेळपट्टीवर त्याने दाखवलेली जिगर वाखाणण्याजोगीच होती. पण तो संघात चौथा फिरकीपटू म्हणून होता ना? मग त्याला पूर्ण सामन्यात किती षटके मिळाली? एक. आणि सहा दिवसांनी गुवाहाटीत तो कितव्या क्रमांकावर आला? आठव्या. तिथेही त्याने १२२ ला ७ अशा अवस्थेतून ४८ धावा काढल्या. तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून त्याची निवड बरोबर होती, तर तो आठव्यावर का गेला? आणि चूक होती, तर कोलकात्यात फलंदाज बाहेर बसवून ती का केली? दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

ही संगीतखुर्ची ज्या कारणासाठी चालते, ते कारणही लपलेले नाही. थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी येणाऱ्यांसाठी जागा करायची, आणि त्यासाठी निव्वळ फलंदाजाचा किंवा निव्वळ गोलंदाजाचा बळी द्यायचा. इंग्लंडमध्ये पाच कसोटींत कुलदीप यादव एकदाही खेळला नाही. मँचेस्टरला इंग्लंडने ६६९ धावा चोपल्या तेव्हाही तो पाणी नेत होता. घरी आल्यावर वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटींत त्याने १२ बळी घेतले. वेस्ट इंडीजच्याच मालिकेत दिल्लीत दोन्ही डाव मिळून आपण दोनशे षटके टाकली, त्यात नितीश कुमार रेड्डी या अष्टपैलूच्या हाती चेंडू एकदाही दिला नाही. कोलकात्यात अकरांत सहा डावखुरे फलंदाज होते आणि समोर सायमन हार्मर हा ऑफस्पिनर. त्याने ८ बळी घेतले. मालिकेत १७. हार्मर फक्त ऑफस्पिन टाकतो, आणि तेवढ्याने त्यांचे काम झाले.

साहेब, तिसरा क्रमांक म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. २००३ च्या ॲडलेड कसोटीत तुम्ही ४१ धावांत ६ बळी घेतलेत. ऑस्ट्रेलिया १९६ वर गारद झाला. आमच्या पिढीने तो दिवस पहाटे उठून पाहिला आहे. पण त्या ६ बळींना विजयाचे मोल आले ते राहुल द्रविडमुळे. ऑस्ट्रेलियाच्या ५५६ समोर आपली अवस्था ४ बाद ८५ होती, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर आलेला द्रविड उभा राहिला आणि २३३ करून गेला. दुसऱ्या डावात नाबाद ७२ करून विजयी धावही त्यानेच काढली. तिथे द्रविड नसता तर तुमचे ६ बळी पराभवाच्या धावफलकात राहिले असते.

तुम्हाला स्वतःलाही तिसऱ्या क्रमांकावर पाठवले होते, २००२ मध्ये जमशेदपूरला, वेस्ट इंडीजविरुद्ध. तुम्ही ९५ धावा केल्यात. तो एकदिवसीय सामना होता आणि पन्नास षटकांत असा डाव टाकता येतो. कसोटीत नवा चेंडू हलत असताना, पहिल्या षटकात गडी गेल्यावर जो चालत येतो, त्याला ते काम येत असले पाहिजे आणि ते त्याचे आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. अजित वाडेकर तिसऱ्या क्रमांकावर यायचे, दिलीप वेंगसरकर यायचे. ही मुंबईच्या मैदानांवरची शिकवण आहे आणि तुम्ही शिवाजी पार्कवर, आचरेकर सरांकडे तीच घेतलीत. चेतेश्वर पुजाराने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या आणि भारताने तिथे पहिली मालिका जिंकली. जून २०२३ मध्ये कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यानंतर त्याला वगळले. वगळणे समजू शकतो, वय कोणाला चुकले नाही. पण त्याच्या जागेसाठी कोणाला तयार केले? गिलला केले, आणि मे २०२५ मध्ये कोहली निवृत्त झाल्यावर गिल चौथ्यावर गेला. तिथे त्याने इंग्लंडमध्ये ७५४ धावा केल्या, म्हणजे तो निर्णयही योग्यच ठरला. पण तिसरी जागा रिकामी होतेय हे त्या मे महिन्यातच कळले होते. नोव्हेंबर संपला तरी ती रिकामीच आहे.

अंतिम अकरा कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात, निवड समिती फक्त संघ देते, असे उत्तर येईल. ते पुरेसे नाही. पडिक्कलला वेस्ट इंडीज आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही मालिकांसाठी तुम्ही निवडलेत आणि तो एकही कसोटी खेळला नाही. अभिमन्यू ईश्वरन ऑस्ट्रेलियाला गेला, इंग्लंडला गेला, कसोटीची टोपी न घालता परत आला, आणि मग संघातूनही गेला. तुम्ही निवडलेली माणसे वापरलीच जात नसतील, तर ते विचारण्याचा अधिकार तुमचा आहे आणि आम्हाला सांगण्याची जबाबदारीही तुमचीच. रणजी खेळा, असे मंडळ प्रत्येक खेळाडूला बजावते. मग रणजीत तिसऱ्या क्रमांकावर उभे राहून हंगामभर धावा करणाऱ्याला, त्या धावा कुठे जमा होतात हेही कळू द्या.

मागण्या तीनच आहेत. एक, पुढच्या कसोटीआधी तिसऱ्या क्रमांकाचा फलंदाज जाहीर करा. तो जायबंदी झाला नाही तर किमान दोन पूर्ण मालिका त्याला तिथून हलवू नका. दोन, भारत ‘अ’ संघाच्या सामन्यांत त्या जागेवर फक्त तिथे खेळणाऱ्यांनाच खेळवा, म्हणजे पहिला अपयशी ठरला तर दुसरा तयार असेल. तीन, धावा करूनही ज्याला बसवाल त्याचे कारण पत्रकार परिषदेत सांगा, आणि ते सांगताना आकडे द्या.

२०२७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया पाच कसोटींसाठी भारतात येणार आहे. तोवर वेळ आहे, पण फार नाही. घरच्या शेवटच्या सात कसोटींपैकी पाच आपण हरलो आहोत. या पराभवांची कारणे अनेक असतील, पण हे एक कारण पूर्णपणे तुमच्या हातातले आहे. ते दूर करायला पैसा, नवी खेळपट्टी, नवा प्रशिक्षक, काहीही लागत नाही. एक नाव लागते आणि त्या नावामागे उभे राहण्याची हिंमत लागते. ते नाव जाहीर करा आणि त्याला खेळू द्या.

आपला,
मुंबईचा एक क्रिकेटप्रेमी