एकाच गिऱ्हाइकावर चालणारा धंदा

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एकजण प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्यात शिरतात आणि पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. रोलप्लेइंग गेम तो हाच. पिंपरी-चिंचवडमध्ये त्याच्या भवितव्याचा विषय काढला की दोन आक्षेप हमखास येतात. एक, हे इंग्रजी माध्यमातल्या पोरांचं परदेशी खूळ आहे. दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, बाजार ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा आहे, तो खेळ हॅस्ब्रो या बड्या कंपनीचा आहे आणि बाकीचे छोटे लेखक म्हणजे हौशेगवशे, आज आहेत, उद्या नाहीत.

पहिल्या आक्षेपावर फार शाई खर्च करायला नको. चाकणच्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात मॉक ड्रिल होतं. सायरन वाजतो, माणसं असेंब्ली पॉइंटला जमतात, हजेरी घेतली जाते, आधीच ठरवून दिलेला एखादा फिटर ‘जखमी’ म्हणून स्ट्रेचरवर आडवा होतो आणि नंतर सेफ्टी ऑफिसर कोण कुठे चुकलं ते वाचून दाखवतो. मोठी माणसं, पगारी वेळेत, सोंग वठवतात. त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी पाळी सांभाळून तालमी करणाऱ्या कामगारांना तर पात्रात शिरणं शिकवावंही लागत नाही. राहिला पटावरचा खेळ. मोक्षपटाचं, म्हणजे सापशिडीच्या मूळ रूपाचं, श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. इतिहासाला ते कितपत मान्य हा वाद वेगळा, पण ज्या आळंदीशी ही आठवण जोडली जाते ती भोसरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा परकेपणाचा मुद्दा इथेच मिटवू.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. १९९७मध्ये तो विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतला आणि १९९९मध्ये हॅस्ब्रोने विझर्ड्सच विकत घेतली. आजही बहुतेक नवा खेळाडू याच दारातून आत येतो. पण यावरून ‘भवितव्य मोठ्यांचं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये जाऊन बसावं. तिथला लघुउद्योजक एकाच बड्या कंपनीचा व्हेंडर असतो. ड्रॉइंग त्यांचं, रेट त्यांचा, शेड्यूलही त्यांचं. शेड्यूल कापलं की इकडे मशिन बंद. ‘मोठं गिऱ्हाईक आहे, काळजी नाही’ हे वाक्य तिथे कुणी दुसऱ्यांदा बोलत नाही.

या खेळाच्या धंद्यात नेमकं हेच घडलं. २००० साली विझर्ड्सने ओपन गेम लायसन्स दिलं: आमचे मूळ नियम वापरा, त्यावर तुमची पुस्तकं छापा आणि विका. त्या भरवशावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द करण्याची आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न गेलं तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घेण्याची भाषा त्यात होती. एका कागदाने वीस-बावीस वर्षांचं बस्तान हललं. खेळाडू खवळले, लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली आणि २७ जानेवारीला कंपनीने मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली कायमचा खुला केला. म्हणजे बाजाराचा मालक म्हणवणाऱ्याला महिनाभरात माघार घ्यावी लागली. याला कुणी मालकी म्हणत असेल तर म्हणो.

पैझोचं उदाहरण तर आमच्या व्हेंडरांनी डोळे उघडून पाहावं. ही कंपनी विझर्ड्सच्या परवान्यावर ‘ड्रॅगन’ आणि ‘डन्जन’ ही मासिकं काढायची. २००७मध्ये तो परवाना संपला. हातपाय गाळून न बसता तिने जुने खुले नियम घेतले आणि २००९मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतःचा खेळ काढला. जॉबवर्क करणारा स्वतःच्या नावाचं उत्पादन काढतो ते असं.

तरी माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाही. खेळाचा पुढचा विचार छोट्यांनीच केला आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ २०१०चा. त्यात नेहमीचे दोन सहाबाजूचे फासे पुरतात, घरातल्या सापशिडीच्या डब्यातले चालतील. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते. सहा किंवा कमी, तर संकट. सात ते नऊ आले तर काम होतं, पण किंमत मोजून. या चौकटीवर तुम्ही आपला खेळ रचा, आमची परवानगी मागू नका, असं बेकर दांपत्याचं धोरण, आणि त्यातून खेळांचं एक अख्खं कूळ निघालं.

आता ही चौकट चाकणला आणून पाहा. साल १६६०. संग्रामदुर्गाला शाइस्ताखानाचा वेढा पडून महिना उलटला आहे, आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. चार खेळाडू: एक गोलंदाज, एक हवालदार, एक कोठाराचा कारकून, एक बाहेरून रातोरात आत आलेला जासूद. जासूद सांगतो, बुरुजाखाली खणण्याचा आवाज येतोय. गोलंदाज म्हणतो, मी भिंतीला कान लावून जागा शोधतो. फासे पडतात पाच आणि तीन. आठ! जागा सापडली, पण किंमत काय? खेळ चालवणारा विचारतो, ‘सुरुंग दोन दिवसांत उडेल. भिंत आतून भरायची तर माती कोठाराखालचीच आहे. धान्य हलवणार की माणसं?’ टेबलावर शांतता पसरते आणि मग चौघंही एकदम बोलू लागतात. बुरूज उडाला, जवळपास दोन महिने झुंजून किल्ला पडला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते वाचलेलं इथे अंगावर येतं. सातासमुद्रापलीकडची कुठलीही कंपनी हा प्रसंग आपल्यासाठी लिहिणार नाही. तिचा तो धंदाच नाही.

छोट्यांची आरती ओवाळणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. छोटं म्हणून चांगलं, असं काही नसतं. छोटे लेखक जिथे आपले खेळ विकतात त्या इच.आयओ या संकेतस्थळावरचे कित्येक खेळ खेळण्यासाठी नव्हे तर वाचून वाहवा करण्यासाठी लिहिलेले असतात. शिवाय परवान्यातून सुटलेला लेखक तिथे दुसऱ्याच दावणीला बांधला जातो. जुलै २०२५मध्ये पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला आणि त्या संकेतस्थळाने प्रौढांसाठीचे हजारो खेळ एका रात्रीत शोधयादीतून काढले. आणि पोट? बहुतेकांचं भरत नाही, हे कबूल. पण मराठी कवितेवर तरी कुणाचं भरतं? त्यावरून कवितेला भविष्य नाही असं आपण म्हणत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ताच आता गोष्ट सांगेल, हा ताजा आक्षेप. सांगू दे की. समोरच्याने धान्याऐवजी माणसं निवडली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासाठी लोक टेबलाशी बसतात.

तेव्हा या पट्ट्यातल्या तरुणांना सांगणं एवढंच. क्रिएटिव्ह कॉमन्सखालचे ते नियम मराठीत आणून विकायला कुणाकडे हात पसरावा लागत नाही, कर्त्याचा रीतसर उल्लेख पुरतो. पण भाषांतरावर थांबू नका. वेढा लिहा, संप लिहा, इंद्रायणीकाठची वारी लिहा, तिसऱ्या पाळीतली भुताची गोष्ट लिहा. सोळा पानं पुरेत. मधोमध पिन मारून शंभर प्रती काढा आणि एमआयडीसीच्या गुरुवारच्या सुट्टीला चार मित्रांना बोलावून आधी स्वतः खेळून बघा. खेळताना जिथे अडेल ते पान फाडा आणि पुन्हा लिहा.