फी माफ, पण खोली कुठाय?

परदेशात शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे चार नावं ठरलेली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. पण ही चारही दारं आता पूर्वीसारखी सताड उघडी नाहीत. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आणली. त्याच महिन्यापासून ब्रिटननं बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेणं बंद केलं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ मध्ये स्टुडंट व्हिसाची फी ७१० डॉलरवरून थेट १६०० डॉलरवर नेली. अमेरिकेनं २०२५ च्या मे महिन्यात व्हिसा मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच काही आठवडे थांबवलं.

साहजिकच मुलं दुसरे पर्याय बघायला लागली आणि त्यात इटलीचं नाव वर आलं. कारण सरळ आहे, पैसे. इटलीच्या राज्यघटनेचं ३४ वं कलम सांगतं की हुशार आणि लायक विद्यार्थ्याला, खिशात पैसे नसले तरी, शिक्षणाच्या सर्वात वरच्या पायरीपर्यंत जायचा हक्क आहे. त्यामुळे सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते. हा सगळा हिशेब ‘ईझे’ नावाच्या एका आकड्यात मांडतात. तो २२ हजार युरोच्या आत असला, तर किरकोळ कर आणि स्टॅम्प सोडून पहिल्या वर्षाची फी माफ! बरीच विद्यापीठं भारतीय मुलांनाही हाच नियम लावतात. शिवाय प्रत्येक प्रांताची स्वतःची स्कॉलरशिप असते ती वेगळीच. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इटलीनं एक करार केला. त्यानुसार शिक्षण संपल्यावर कामाचा अनुभव घेण्यासाठी १२ महिन्यांपर्यंत तिथे थांबता येतं.

इथवरची गोष्ट यूट्यूबवर कुणीही सांगेल. पण हे स्वस्त शिक्षण आपल्या हाती लागणार की नाही, याचा निकाल बऱ्याचदा तिथल्या पहिल्या आठवड्यातच लागतो. आणि तो मार्कांवर नाही, पत्त्यावर लागतो.

आठ दिवसांचं घड्याळ

समजा, साताऱ्याची एक मुलगी सप्टेंबरमध्ये बोलोन्याला उतरली. इथलं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची सांगतं. पाश्चात्त्य जगातलं सर्वात जुनं विद्यापीठ म्हणून त्याचा मान आहे. शहर सुंदर आहे, पण आपली ही मुलगी पहिले चार दिवस शहर बघत नाही. ती रांगेत उभी असते.

पहिली रांग पोस्टात. व्हिसा असला तरी तो पुरेसा नाही. इटलीत पोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’साठी, अर्ज करावा लागतो. त्या अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं आणि तिथेच भरून द्यायचं असतं. सोळा युरोचा स्टॅम्प, पोस्टाचा आकार, कार्डाचे पैसे असं करत शंभराहून जास्त युरो जातात. बदल्यात हातात पडते ती पावती. प्रत्यक्ष कार्ड मिळायला महिने लागू शकतात. तोवर ही पावतीच सांभाळायची, पासपोर्टसारखी.

दुसरी रांग ‘कोदिचे फिस्काले’ची. आपल्या पॅन नंबरसारखा हा सोळा अक्षरं-आकड्यांचा नंबर असतो आणि तो फुकट मिळतो. भाडेकरार करताना तो लागतो, बँकेत लागतो, जवळपास सगळीकडेच लागतो. तिसरा प्रश्न आजारपणाचा. सरकारी आरोग्यसेवेत नाव घालायला विद्यार्थ्यांना पूर्वी वर्षाला दीडशे युरोच्या आसपास लागायचे. २०२४ पासून किमान ७०० लागतात. ते परवडत नसेल तर खासगी विमा.

या सगळ्या फॉर्मवर एक रकाना मात्र ठरलेला असतो. पत्ता. आणि आपल्या मुलीकडे आहे फक्त हॉस्टेलचं सात रात्रींचं बुकिंग.

सगळं लटकलंय एका खोलीवर

पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना वाटेल, त्यात काय, मित्राकडे पथारी टाकू, महिनाभरात बघू काहीतरी. तिथे हे जमत नाही. परदेशी पाहुणा घरात राहायला आला की ठेवून घेणाऱ्यानं ४८ तासांत पोलिसांना कळवायचं, असा कायदा आहे. त्यामुळे कुणीही सहज ‘ये राहायला’ म्हणत नाही.

खरी गोम स्कॉलरशिपमध्ये आहे. घर सोडून लांब शिकायला आलेल्याला तिथे ‘फुओरी सेदे’ म्हणतात आणि त्याला सर्वात मोठी रक्कम मिळते, वर्षाला साधारण सात हजार युरोपर्यंत. पण त्यासाठी भाडं भरून किमान दहा महिने तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे रजिस्टर केलेला करार. तो नसेल तर रक्कम बरीच खाली येते. आता गंमत बघा. बाजारात पटकन मिळणारी खोली बहुतेकदा ‘करार नको, रोख द्या’ अशीच असते, कारण करार रजिस्टर केला की मालकाला कर भरावा लागतो. म्हणजे ज्या मुलीला स्कॉलरशिपची सगळ्यात जास्त गरज आहे, तिच्याच पुढ्यात ती स्कॉलरशिप कापणारी खोली येते. घाईत तिनं ती घेतली, तर वर्षभराचं गणित पहिल्याच आठवड्यात बिघडतं.

गणित तसंही काठावरचंच. बोलोन्यात सिंगल रूमला महिन्याला पाचशे युरो किंवा जास्त पडतात, मिलानमध्ये त्याहून अधिक. म्हणजे सात हजारांतला मोठा वाटा घरमालकाकडेच जातो. स्कॉलरशिपचा पहिला हप्ता हाती यायला अनेकदा डिसेंबर उजाडतो. काही वर्षी काही प्रांतांत ‘पात्र आहात, पण निधी नाही’ असंही उत्तर येतं. आणि पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत, तर घेतलेले पैसे परत करायची वेळ येते. पार्ट टाइम कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि भाषा येत नसेल तर ते कामही लवकर मिळत नाही.

मग खोल्या गेल्या कुठं?

हा प्रश्न फक्त आपल्या मुलांचा नाही. इटलीच्या दक्षिणेकडून उत्तरेत शिकायला येणारी मुलंही याच खोल्यांसाठी धडपडतात. विद्यापीठाच्या गावांत हॉस्टेलच्या खाटा आधीच कमी. त्यात शहराच्या मधल्या भागातले फ्लॅट पर्यटकांना दिवसावर द्यायची चटक लागली. विद्यार्थ्याकडून महिन्याला जे मिळतं, ते पर्यटकाकडून थोड्या दिवसांत सुटतं. मालक कुणाला खोली देईल, हे सांगायला नको.

मे २०२३ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकसमोर एका विद्यार्थिनीनं तंबू ठोकला आणि भाडं परवडत नाही म्हणून तिथेच मुक्काम केला. बघता बघता रोम, बोलोन्या अशा शहरांत विद्यापीठांसमोर तंबू उभे राहिले. सरकारनं युरोपियन युनियनच्या निधीतून २०२६ पर्यंत ६० हजार नव्या खाटांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. दिवसावर भाड्यानं जाणाऱ्या प्रत्येक घराला जानेवारी २०२५ पासून सरकारी नोंदणी क्रमांक सक्तीचा झालाय. पण नव्या खाटांतल्या बऱ्याच खासगी कंपन्यांच्या इमारतींत आहेत. त्या सामान्य घरच्या मुलाला कितपत परवडतील, यावर तिथे वाद चालूच आहे.

खरं तर बोलोन्याला हे दुखणं नवं नाही. शहराच्या ज्या कमानदार ओसऱ्यांसाठी ते ओळखलं जातं आणि ज्यांना २०२१ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, त्या वाढल्या त्यामागेही जागेची टंचाई होती. मध्ययुगात विद्यार्थी आणि कारागीर शहरात लोटले, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांबांचा टेकू दिला. भाड्यावरून तेव्हाही भांडणं व्हायची. विद्यार्थ्यांचे संघ इतके ताकदवान होते की विद्यार्थी राहायचे त्या घरांची भाडी शहराचे आणि त्यांचे प्रतिनिधी बसून ठरवायचे. शहराशी फाटलं की मुलं थेट गाव सोडून जायची. १२२२ मध्ये अशीच मंडळी निघाली आणि त्यातून पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं.

आजच्या भारतीय मुलाकडे ती ताकद नाही. तो एकटा असतो, भाषा येत नसते आणि घड्याळ आठ दिवसांचं असतं.

निघण्याआधी

म्हणून इटली नको, असं नाही. उलट मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला कर्जाच्या डोंगराशिवाय युरोपात शिकता येण्याचे जे थोडे मार्ग उरलेत, त्यातला हा एक. पण तयारीचा क्रम बदलायला हवा. आपण विद्यापीठाचं रँकिंग आधी बघतो आणि खोली शेवटी. इटलीसाठी हे उलटं करा.

प्रांताच्या स्कॉलरशिपचा आणि सरकारी हॉस्टेलचा अर्ज अनेकदा एकाच फॉर्ममध्ये असतो आणि त्याची मुदत तुम्ही विमानात बसायच्या आधीच संपू शकते. घरच्यांचं उत्पन्न आणि मालमत्तेचे कागद, अपोस्टिल, इटालियन भाषांतर, या कामांना एप्रिल-मेमध्येच लागा. कोदिचे फिस्काले भारतातल्या त्यांच्या दूतावासातूनही मिळू शकतो, निघण्याआधीच तो घ्या. खोली न बघता ऑनलाइन डिपॉझिट पाठवू नका. कायद्यानं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. करार रजिस्टर होणार का, हे पहिल्याच फोनवर विचारा. मिलान-बोलोन्याचा हट्ट नसेल तर लहान शहरंही बघा. बोलोन्या विद्यापीठाचेच कॅम्पस फोर्ली आणि चेझेनालाही आहेत.

आणि घरी आई-बाबांना खर्चाचा आकडा सांगताना ‘फी माफ आहे’ एवढंच सांगून थांबू नका. पहिल्या चार महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि परवान्याचे पैसे हाताशी असल्याशिवाय निघायचं नाही, हे त्याच बैठकीत ठरू द्या.