संगणकाला कुलूप कोणते लावावे?

मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून आणलेला घरचा संगणक आता बहुतेक व्यापारी घरांत मुनीमाचे काम करू लागला आहे. जीएसटीचे विवरणपत्र त्याच्यावर भरले जाते, ई-वे बिल त्याच्यावर निघते, सुताचे पैसे त्याच्यावरूनच आरटीजीएसने जातात. रात्री त्याच्यावरच मुले गेम खेळतात आणि एखादा पाहुणा पेनड्राईव्हमधून सिनेमा टाकून देतो. हजचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, घराच्या कागदपत्रांच्या प्रती, सारे त्याच एका डब्यात. दुकानाचा गल्ला मुलांच्या खेळण्याच्या खोलीत उघडा ठेवणारा व्यापारी आम्ही पाहिलेला नाही; संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करीत आहोत.

मालेगावच्या बाजारात चहा पिताना हल्ली विचारणा होते की अँटीव्हायरस कोणता घ्यावा आणि ब्राऊझर कोणता चांगला. आम्ही कापडाचे व्यापारी, संगणकाचे इंजिनियर नव्हे. शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे इंग्रजी सूचना वाचायला आम्हाला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो. पण म्हणूनच आम्ही त्या पूर्ण वाचतो. माल घेताना आपण विचारतो की बनवणारा कोण, त्याची कमाई कशावर चालते, आणि माल बिघडला तर बदलून देणार कोण. हेच प्रश्न इथे विचारावेत. आमचे मत आधीच सांगून टाकतो : विंडोज अस्सल आणि चालू आवृत्तीची असेल तर तिच्यासोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, ब्राऊझर नावाजलेल्यांपैकी कोणताही घ्या, फक्त तो ताजा असला पाहिजे, आणि वाचलेल्या पैशांतून एक बाहेरची हार्डडिस्क घ्या. मात्र या सगळ्याआधी एक गोष्ट घराबाहेर काढावी लागेल, ती म्हणजे क्रॅक.

संगणक घेताना दुकानदार म्हणतो, "शेठ, सगळे टाकून देतो." त्या 'सगळे'मध्ये विंडोज, ऑफिस, टॅली, इनपेज, फोटोशॉप असे बरेच काही असते आणि त्यातले पैसे मोजून घेतलेले बहुधा काहीच नसते. या क्रॅकसोबत एक सूचना हमखास येते : आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ही फाईल चालवा. म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवायचे आणि अनोळखी माणसाला तिजोरीपर्यंत न्यायचे. हल्लीचा चोरटा प्रोग्राम संगणक बंद पाडत नाही. ब्राऊझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि उघड्या लॉगिनच्या खुणा तो काही क्षणांत उचलून बाहेर पाठवतो. पडद्यावर काहीच दिसत नाही, इनपेज नीट चालते, लग्नपत्रिका वेळेवर छापून होते. मग महिन्याभराने ई-मेल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला कळतो आणि आपण बँकेला दोष देतो.

इनपेजचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. उर्दूत लिहिणाऱ्या घरात आणि छापखान्यात ते असतेच, आणि त्याची क्रॅक प्रत पेनड्राईव्हवरून गल्लोगल्ली फिरते. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांनी जाहीर केले होते की इनपेजच्या फाईलमध्ये दडवलेला हल्ला आशिया आणि आफ्रिकेतील वित्तीय व सरकारी संस्थांवर वापरला गेला. उर्दू लिहिणाऱ्यांना कोण विचारतो, आपल्यामागे कोण लागणार, असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्यांना इनपेज विकत घेणे जमत नाही त्यांच्यासाठी लिबर ऑफिस आणि गूगलचा नोटो नस्तालीक फाँट, दोन्ही मोफत आणि कायदेशीर आहेत. छापखान्याचे काम त्याच्यावर तितके सफाईने होणार नाही. अर्ज, पत्र, शाळेचा निबंध मात्र खुशाल होतो.

याला दुसरी बाजूही आहे. १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या पाचव्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने ग्राह्य व संरक्षित असल्याचे म्हटले आहे. फतवा देणे आमचे काम नाही. पण आपल्या साडीचे डिझाईन शेजारच्या कारखान्याने उचलले की आपण चार माणसे जमवून हक्काची भाषा बोलतो, तीच भाषा इथे का आठवत नाही?

गंमत अशी की आयबीएम पर्सनल काँप्युटरचा पहिला व्हायरस जन्मला तोच या नकलेच्या भांडणातून. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा प्रोग्राम फ्लॉपीवर सोडला. आपण लिहिलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा मिळावा, हा हेतू होता असे त्यांनी सांगितले. त्यात त्यांनी आपला पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. फ्लॉप्या देशोदेशी फिरल्या आणि व्हायरसही. इकडे पुण्यात काटकर बंधूंपैकी थोरला कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत होता. १९९०च्या दशकात धाकट्याने व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, जी २०१६ साली शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या दुकानातून एवढा कारखाना उभा करणाऱ्या मराठी माणसांबद्दल आम्हाला आदर आहे.

तरीही क्विक हील किंवा तत्सम काही प्रत्येक घराने विकत घेतलेच पाहिजे काय? पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही हो म्हटले असते. विंडोज ८ आली तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो, वेगळे पैसे पडत नाहीत. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था असे प्रोग्राम तपासून गुण देतात; गेल्या काही वर्षांत डिफेंडरला तिथे वरच्या रांगेत जागा मिळत आली आहे. दुकानात चार-पाच संगणक असतील, ते एका जागेवरून सांभाळायचे असतील, किंवा अडचण आली तर मराठी-हिंदीत बोलणारा माणूस फोनवर हवा असेल, तर पैसे मोजून घेण्यात काही गैर नाही. एका घरच्या संगणकासाठी आम्ही तो खर्च सांगणार नाही.

नव्या लॅपटॉपवर कंपनीने महिन्याभराचा किंवा वर्षाचा अँटीव्हायरस टाकून दिलेला असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसतो. मुदत संपली की पडद्यावर पैशांचा तगादा सुरू होतो आणि लोक तो रोज बंद करत दिवस काढतात. पैसे भरायचे नसतील तर तो प्रोग्राम रीतसर काढून टाकावा, डिफेंडर आपोआप कामाला लागतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवणे तर मुळीच नको; ते एकमेकांनाच चोर समजतात आणि संगणक बैलगाडीच्या चालीने चालतो.

आता फुकटच्या मालाविषयी. अव्हास्ट हा मोफत अँटीव्हायरस जगभर कोट्यवधी घरांत होता. तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही रोखतो, असे सांगणारी ही कंपनी लोक कोणकोणत्या वेबसाईट पाहतात याची माहिती २०१४ ते २०२० या काळात आपल्या जंपशॉट या शाखेमार्फत विकत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. कोणता रोग शोधला, कोणते कर्ज शोधले, धर्माविषयी काय वाचले, हे सारे त्या माहितीत होते. अमानत ज्याच्याकडे ठेवली त्यानेच ती विकली. डिफेंडरही फुकटच, असे कोणी म्हणेल. पण त्याची किंमत विंडोजच्या किमतीत वसूल झालेली असते.

विंडोज अस्सल असून भागत नाही, ती चालू हवी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवली, पण तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते. विंडोज ११ साधारण २०१८च्या आधीच्या संगणकावर रीतसर बसत नाही. दुरुस्ती नसली तर काय होते, हे २०१७ साली दिसले. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एक भोक बुजवणारा अपडेट दिला. तो न घेतलेल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना १२ मेपासून वॉनाक्रायने कुलूप ठोकले आणि खंडणी मागितली. तेच भोक जूनच्या नॉटपेट्यानेही वापरले, आणि न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. निर्यातीचे कंटेनर अडकणे म्हणजे काय हे कापडवाल्यांना समजावून सांगायला नको. जुना संगणक फेकवत नसेल तर त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून तो मुलांच्या अभ्यासाला द्यावा. टॅली त्याच्यावर सरळ चालत नाही, हे खरे. पण टॅली त्या संगणकावरून हटावी, हेच तर आम्हाला हवे आहे.

ब्राऊझरच्या बाबतीत लोक नावांवर फार वाद घालतात. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे चारही एकाच क्रोमियम नावाच्या सुतावर विणलेले आहेत. काठ-पदर वेगळा, अंगचे कापड तेच. फायरफॉक्सचे सूत वेगळे आहे. क्रोम गूगलचा आणि गूगलचा मोठा धंदा जाहिरातींचा. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, पण तिचेही बरेचसे उत्पन्न गूगलशी झालेल्या करारातूनच येते. तेव्हा निर्मळपणाचा दाखला कोणालाच देता येत नाही. आम्ही बँक आणि जीएसटीसाठी एज ठेवला आहे आणि बाकी भटकंतीसाठी फायरफॉक्स. एकात गल्ला, दुसऱ्यात बाजार. फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन हे जाहिरात रोखणारे साधन पूर्ण ताकदीने चालते; क्रोमने ते २०२५ मध्ये बंद केले. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' अशी लाल पाटी झळकते ती बहुधा जाहिरातीतूनच येते, म्हणून हे साधन आम्ही महत्त्वाचे मानतो. त्या नंबरवर फोन करू नये, ब्राऊझर बंद करावा.

जुन्या विंडोज ७ वर क्रोम वापरणाऱ्यांनी एवढे पाहावे की तो १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे; २०२३च्या सुरुवातीपासून त्याला पुढची दुरुस्ती मिळालेली नाही. इंटरनेट एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

ब्राऊझरला जोडायची छोटी साधने, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, ती मोजकीच ठेवावीत. 'ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक चांगले, लोकप्रिय साधन २०२० मध्ये मूळ मालकाने विकले. नव्या मालकाच्या हाती ते बिघडले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते काढून टाकावे लागले. बाजारात पेढी विकली जाते, पाटी तीच राहते आणि गिऱ्हाईक जुन्या नावावर येत राहते, तसाच हा प्रकार.

घरी करण्यासारखे आणखी थोडे आहे. मुलांसाठी वेगळे खाते करावे, ज्यातून नवा प्रोग्राम टाकता येत नाही. टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे दर जुम्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून तिची वायर काढून कपाटात ठेवावी; जोडलेली राहिली तर खंडणीवाला तिलाही कुलूप लावतो.

आणि जिथे कोणताही अँटीव्हायरस कामाला येत नाही, त्याविषयी. सुताच्या पेढीच्या नावाने ई-मेल येतो : आमचा खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे पैसे नव्या खात्यावर पाठवा. बिल खरे, रक्कम खरी, फक्त खाते दुसऱ्याचे. त्यात व्हायरस नसतोच, मग डिफेंडर काय पकडणार? खाते बदलल्याचे कळले की आपल्याकडे आधीपासून लिहिलेल्या नंबरवर फोन करून विचारावे, ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. पत्त्यापुढचे कुलपाचे चित्र पाहून भरवसा ठेवू नये. वाटेत कोणी वाचत नाही एवढेच ते सांगते, दुकान इमानदार आहे असे नव्हे, आणि क्रोमने तर २०२३ मध्ये ते चित्रही काढले. बँकेचा पत्ता मात्र पाहावा : रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. तो शेवट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन, मग बँक, मग पोलीस ठाणे. हे काम त्याच तासात करावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, नंतर फक्त तक्रारीचा कागद हातात राहतो.