संमतिपत्रात नदी कुठे आहे?

नदीत सांडपाणी सोडायचं तर कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र लागतं. नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण राष्ट्रीय मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्याचं माप) अशी आहे. आंघोळीयोग्य नदीत मात्र बीओडी 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे नियम तंतोतंत पाळून सोडलेलं एक लिटर सांडपाणी पचवायला नऊ लिटर निव्वळ शुद्ध पाणी हवं. नदीतच आधी 2 मिलिग्रॅम असेल, तर 27 लिटर. श्रावणात ते मिळतंही. एप्रिलमध्ये, धरणातून पाणी सुटत नसताना, कित्येक पात्रांतून वाहतं ते सांडपाणीच. केंद्रीय मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 311 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी 55 एकट्या महाराष्ट्रातले होते. सगळे कारखाने उद्यापासून कायद्यानं वागले, तरी ही यादी पुसली जाणार नाही.

वास्तविक 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानं हे तेव्हाच ओळखलं होतं. कोरड्या दिवसांत त्या प्रवाहात किमान किती पाणी असतं आणि तो किती घाण सोसू शकतो, हे पाहून मानकं ठरवण्याचं काम कलम 17 राज्य मंडळावरच सोपवतं. राष्ट्रीय मर्यादेहून कडक मर्यादा घालायलाही मंडळ मोकळं आहे. तेव्हा नवा कायदा नको. एका पट्ट्यात सगळ्यांनी मिळून किती भार टाकायचा ते ठरवा आणि प्रत्येकाच्या संमतिपत्रात त्याचा वाटा लिहा. अमेरिकेत 1972 च्या कायद्याखाली बिघडलेल्या नद्यांसाठी असंच केलं जातं. तिथंही कोर्टकज्जे झाल्यावरच यंत्रणा हलली, हे खरं.

कारखानदार म्हणतील, नदी नासवतं ते शहरांचं मैलापाणी. बरोबरच आहे, आणि म्हणूनच एकूण भार मोजायला हवा: संमती महापालिकेलाही घ्यावी लागते, आणि तिचा वाटा एकदा कागदावर आला की उद्योगांनाच बोट दाखवता येईल. उन्हाळ्यात कारखाने बंद ठेवायचे का, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. बंद नकोत, त्या महिन्यांत पाणी साठवावं, पुन्हा वापरावं. खर्च येईल. आज तोच खर्च खालच्या अंगाची गावं पाणी शुद्ध करण्यावर करतात, एवढाच फरक. आणि माहिती नाही ही सबब चालणार नाही: पाण्याची गुणवत्ता मंडळ तपासतं, प्रवाह जलसंपदा विभाग मोजतो. या दोन खात्यांचे आकडे एकाच संमतिपत्रावर यायचे तेवढे राहिले आहेत.