पेटीवाल्याला वेबसाइट कशाला?

परवा ऑफिसातल्या मित्राने फर्मान काढलं, "तुमच्या वर्ध्यात पेटी दुरुस्त करणारे काका आहेत ना? त्यांना एक झकास वेबसाइट करून दे!" मी साफ नाही म्हटलं. माझं पोट वेबसाइटवरच भरतं, तरीही.

आधी काम समजून घ्या. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या. दुहेरी रीडची असेल तर 84 रीड. पितळी रीड टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एकाच स्वराच्या दोन रीड जुळल्या नाहीत की आवाजात थरथर येते. ती जाईपर्यंत कान आणि कानस चालूच. हात एकाच माणसाचे! नवरात्राआधी भजनी मंडळांच्या पेट्या येतात तेव्हा काकांना जेवायला फुरसत नसते. त्यांना गिऱ्हाईक कमी नाही, वेळ कमी आहे.

"पण मिरजेचं बघ," मित्र म्हणाला. बघितलं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं. तिथे वाद्य बनतं आणि जगभर जातं. त्यांना वेबसाइट हवीच. सूर लावणं मात्र कुरियरने जात नाही. पुण्याच्या माणसाने काकांची वेबसाइट बघून करायचं काय? आर्वी, हिंगणघाट, पुलगावची मंडळी तर एकमेकांना विचारूनच येतात.

राहता राहिला नवखा माणूस. समजा, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात बाहेरगावची मुलगी आली, सोबत पेटी आहे. ती मोबाईलवर शोधणार. त्यासाठी गूगल मॅपवरची नोंद पुरते. फुकट आहे. नाव, वेळ, दोन फोटो, चालू फोन नंबर, बास.

आणि वेबसाइट केलीच, तर दरवर्षी डोमेनचे पैसे कोण भरणार? नंबर बदलला तर पान कोण सुधारणार? गूगलने दुकानदारांना दिलेल्या फुकट वेबसाइटसुद्धा मार्च 2024 मध्ये बंद केल्या. आपण हौसेने करून देतो, नोकरी बदलतो, विसरतो. बिल काकांच्या गळ्यात!

काका उद्या नव्या पेट्या बनवून विकायला लागले, तर रात्री जागून वेबसाइट करून देईन. तोवर माझा सल्ला एकच: दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत नाव आणि नंबराची चिठ्ठी चिकटवा. पेटी बिघडली की झाकण उघडणारच, आणि नंबर समोर!

असो. पटत नसेल तर भांडा.