पाटी नको, अध्यासन हवं

नोकरीसाठी केंब्रिजला आलो तेव्हा ‘डिस्ने प्रोफेसर’ हे पद ऐकून हसू आलं होतं. मिकी माऊसचा आणि विद्यापीठाचा काय संबंध? काहीच नाही! हे जॉन डिस्ने म्हणजे प्राचीन शिल्पं जमवणारे एक बॅरिस्टर. त्यांनी आपली शिल्पं इथल्या फिट्झविल्यम म्युझियमला दिली आणि १८५१ मध्ये देणगी देऊन पुरातत्त्वाचं अध्यासन सुरू केलं. पहिले प्राध्यापक जॉन मार्सडेन पाद्री होते.

१९३९ मध्ये या पदावर डोरोथी गॅरड आल्या. माउंट कार्मेलच्या गुहांत अश्मयुगाचं उत्खनन केलेल्या या बाई केंब्रिजच्या पहिल्या महिला प्राध्यापक. विशेष म्हणजे विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पूर्ण पदवीही देत नव्हतं. ती १९४८ पासून मिळू लागली. देणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे देणगी गेली ती अशी.

त्याच १९३९ मध्ये आपल्या पुण्यात काय झालं? सरकारने बंद केलेलं डेक्कन कॉलेज माजी विद्यार्थ्यांच्या पाठपुराव्यामुळे संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तिथे ह. धी. सांकलिया रुजू झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांमुळेच नेवासे, इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी राहणारा शेतकरी आपल्याला कळला.

हे आठवायचं कारण आमचा कॉलेजचा व्हॉट्सॲप ग्रुप. कॉलेजला देणगी द्यायची ठरतेय. बहुमत कॉम्प्युटर लॅबच्या बाजूने, दारावर सगळ्यांच्या नावांची पाटी. मी म्हटलं, त्यापेक्षा सगळे मिळून पुरातत्त्वाच्या अध्यासनाला पैसे देऊ. लगेच उत्तर आलं, ‘अरे, खापरं शोधून नोकऱ्या मिळतात का?’

प्रश्न चुकीचा नाही. गावाकडून आलेल्या पोरांना लॅब हवीच. मीही तशाच लॅबमुळे इथवर आलो. पण कॉम्प्युटरचं आयुष्य किती, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कोणी सांगायला नको. पाच-सात वर्षांत सगळं भंगारात. अध्यासनाचं मुद्दल तसंच राहतं, व्याजावर माणूस शिकवत राहतो. एकदम अध्यासनाइतकी रक्कम जमणार नाही, मान्य. मग उत्खननाला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीपासून सुरुवात करू. अट एकच: त्याने काय शोधावं, हे आपण ठरवायचं नाही.

ग्रुपवर अजून दोघांनीच ‘हो’ म्हटलंय. तुमच्या ग्रुपवरही विचारून बघा ना!