दारू नाही, मग काय?

"बाजी, माझा पोरगा दारूला शिवतसुद्धा नाही," सक्करदऱ्याच्या एक खाला मागच्या महिन्यात सांगत होत्या. "पण तीन-तीन रात्री झोपत नाही. कोणीतरी मागावर आहे म्हणतो." खिशात पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली होती. एमडी.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. 2015 पासून ते एनडीपीएस कायद्याखाली आहे. तरी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी सतराशे किलोंच्या वर माल पकडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पाचपावलीत डीआरआयला कारखानाच सापडला.

असली नशा मेंदूत डोपामिनचा पूर आणते. म्हणून झोप उडते, भूक मरते, अंग तापतं. जास्तीच्या डोपामिनपासून पेशीत विषारी द्रव्यं तयार होतात. मग मेंदूतले राखणदार, मायक्रोग्लिया, खवळतात. काटा रुतला की बोट सुजतं, तशीच ही सूज. पण ती दिसत नाही, ठणकत नाही. आणि खवळलेले राखणदार चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत.

यावरचं बहुतेक संशोधन मेफेड्रोनच्या नात्यातल्या मेथॅम्फेटामिनवर झालं आहे. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी ही नशा सोडलेल्या 12 जणांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले. सोडून कित्येक महिने, कोणाला तर वर्षं झाली होती. राखणदार अजून खवळलेलेच. पण ज्यांनी जास्त काळ सोडली होती, त्यांच्यात कमी.

खालांचा बेत होता, आठवडाभर कोंडून ठेवायचं आणि मग निकाह लावून द्यायचा. (हा इलाज आपल्याकडे कोणत्या आजारावर होत नाही!) मी म्हटलं, हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा आहे. अंग भट्टीसारखं तापलं किंवा झटका आला तर मात्र थेट मेडिकलला न्या.

त्यांना पोलिसांची धास्ती होती. थोडा माल बाळगणारा व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर कायद्याचं कलम 64-ए त्याला खटल्यातून सूट देतं. 14446 वर फोन केला तर मोफत सल्लाही मिळतो.

मी प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं तशा त्या गप्प झाल्या. "पागलखाना?"

मी म्हटलं, खाला, ताजुद्दीन बाबांनाही नागपूरच्या पागलखान्यातच ठेवलं होतं. 1908 मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तुमच्याच सक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं.

मंगळवारी पोरगा आला. अर्धा तास पायरीवरच बसून होता, मग आत आला.